आमची जांभ्याची माती आणि ५० टेस्टची किट

मातीतून जिवाणूंचा डीएनए काढायची तयार किट घेतली आणि डीएनए निघाला का ते जेलवर, म्हणजे जेलीच्या पातळ थरात, पाहिलं. पहिल्या जेलमध्ये आठ वेल (खाचा) भरले होते. एकात तुलनेसाठी तयार लॅम्डा डीएनए, दोनांत भाट्ये खाडीच्या चिखलातला माल आणि उरलेल्या पाचांत पावसच्या कलमबागेतली लाल माती. यूव्ही लावला. लॅम्डाची रेघ लख्ख. चिखलाच्या दोन वेलमध्ये मळकट पट्टा. लाल मातीचे पाचही वेल कोरे करकरीत. म्हणजे जेल बरोबर, डीएनए चमकवणारं इथिडियम बरोबर, लाइट बरोबर. फक्त ज्याच्यासाठी २२,५०० रुपये मोजले तेच तेवढं नाही. त्या संध्याकाळी रिव्ह्यू लिहायला बसले असते तर एक तारा टाकून मोकळी झाले असते. दोन महिने थांबले ते बरं झालं.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीची लॅब असिस्टंट. १७ वर्षं झाली. सगळ्यांची द्रावणं करायची, ऑटोक्लेव्हवर डोळा ठेवायचा आणि "मॅडम, माझा पेलेट (नळीच्या तळाशी बसलेला डीएनए) दिसत नाहीये" अशी हाक आली की हातातलं टाकून धावायचं, हे माझं काम. आजवर डीएनए काढला तो घरगुती पद्धतीने, बाटल्यांवर माझ्याच अक्षरातली लेबलं लावून. यंदा एम.एस्सी.च्या दोन मुलींनी आंब्याच्या मुळाशी असणारे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू हा विषय घेतला. मातीतून थेट डीएनए काढायचा, शिवाय प्लेटवर वाढवलेल्या जिवाणूंचाही काढायचा. त्यासाठी विभागाने पहिल्यांदा तयार किट मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही. एकतर मण्यांच्या नळ्या आणि स्पिन कॉलमवाल्या या सगळ्या किट एकमेकींच्या चुलत बहिणीच असतात. दुसरं म्हणजे माझा जो राग होता त्यातला निम्मा आता उतरलाय.

किट आली जुलैत, आणि तीही रडतखडत. घाटात दरड आली म्हणून खोकं चार दिवस वाटेतच पडून. उघडलं तर बर्फाच्या पिशवीचं कोमट पाणी झालेलं, आणि त्या पिशवीला टेकून आरएनेझची, म्हणजे आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमची कुपी. मुलीचा चेहरा पडला. तिला म्हटलं, अगं, या एन्झाइमला काही होत नाही. आम्ही ते पूर्वी मुद्दाम उकळत्या पाण्यात ठेवायचो, सोबत चुकून आलेलं, डीएनए तोडणारं डीएनेझ मरावं म्हणून. आरएनेझ तेवढ्यातूनही जिवंत बाहेर येतं. बाकीच्या बाटल्या बाहेर ठेवायच्याच होत्या. पण कंपनीला फोन केला तर तिकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, पुण्यात तर दुसऱ्या दिवशी पोचते." पोचत असेल बाबा. एक गुण तिथेच कापला.

आतली मांडणी सुटसुटीत आहे, हे मान्य. ५० नळ्या, प्रत्येकीत बारीक मणी. त्यात पाव ग्रॅम माती, वर पहिला द्राव, मग दहा मिनिटं जोरात घुसळायचं. मणी आपटून पेशी फुटतात, द्रावातलं एसडीएस (साबणासारखं रसायन) त्यांची आवरणं विरघळवतं. कंपनी त्यासाठी व्होर्टेक्सला, म्हणजे घुसळायच्या यंत्राला, लावायची एक चकती वेगळी विकते. त्या चकतीचा भाव ऐकून सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चिकटपट्टी आणायला गेले. नळ्या आडव्या ठेवून व्होर्टेक्सच्या डोक्याला पट्टीने घट्ट बांधल्या. काम होतं, पण दोन गोष्टी सांभाळा. नळ्या उभ्या बांधू नका, मणी बुडाशी बसून राहतात. आणि व्होर्टेक्सला कोणीतरी धरून ठेवा. आमचा तिसऱ्या मिनिटाला चालत चालत ओट्याच्या काठापर्यंत गेला होता.

घुसळून झालं की सेंट्रीफ्यूज, आणि वरचं पाणी तिसऱ्या बाटलीतल्या द्रावात. बाटलीवर नुसतं 'सोल्युशन ३'. या लपवाछपवीची मला चीड आहे, म्हणून सेफ्टी शीट काढून वाचली. अ‍ॅल्युमिनियम अमोनियम सल्फेट! म्हणजे तुरटीच की. पावसाळ्यात विहिरीचं पाणी लाल झालं की आई हंड्यात तुरटीचा खडा दोनदा फिरवायची आणि सकाळपर्यंत गाळ खाली बसायचा. इथेही तेच. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून ह्युमिक अ‍ॅसिड नावाचा तपकिरी रंग मातीत उतरतो. तो डीएनएबरोबरच बाहेर येतो आणि पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढताना, त्या काढणाऱ्या टॅक एन्झाइमचा गळा धरतो. तुरटी त्याला गोळा करून खाली बसवते. हाच या किटचा खरा जीव, बाकी सिलिकाचा कॉलम काय सगळीकडेच असतो: ग्वानिडिनच्या मिठात डीएनए सिलिकाला चिकटतो, अल्कोहोलच्या पाण्याने धुवायचा, शेवटी साध्या बफरमध्ये सोडवून घ्यायचा. मात्र तुरटी जास्त झाली तर ती डीएनएलाही सोबत घेऊन बसते. तेव्हा मापात घाला, "थोडी जास्त टाकू या" असं म्हणू नका. आई पण एवढंच सांगायची.

आता लाल मातीकडे येते.

दुसऱ्यांदा केलं, कोरं. तिसऱ्यांदा दुप्पट वेळ घुसळलं, कोरं. चौथ्यांदा अर्धा ग्रॅम माती घातली, तरी कोरं. इथवर ११ नळ्या खर्ची पडल्या होत्या. मुली म्हणायला लागल्या, मॅडम, मातीत जिवाणूच नसतील. पण त्याच मातीचं पाणी पिकोव्हस्कायाच्या, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू ओळखायच्या, प्लेटवर फिरवलं तर तिसऱ्या दिवशी वसाहतीच वसाहती, आणि पांढुरक्या आगारमध्ये कित्येकींभोवती स्वच्छ गोल कडं, म्हणजे तिथलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळलेलं. जिवाणू तर भरपूर होते.

मग गणपती आले. मी माहेरी पावसला. मोदकांच्या पाऱ्या करताना भाऊ चहाला येऊन बसला आणि त्याचं नेहमीचं गाऱ्हाणं सुरू झालं. "अगो ताई, पोतंभर सुपर फॉस्फेट घाला नाहीतर दोन पोती घाला, ही माती सगळं गिळून बसते. झाडाला कसलं मिळतंय!" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, जांभा स्फुरद धरून बसतो हे तो सांगेल. कारणही कृषीवाले दर मेळाव्यात सांगतात: मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं, त्यात माती आम्लधर्मी, मग फॉस्फेट त्या कणांवर जाऊन जे घट्ट बसतं ते सुटत नाही.

पारी हातातच राहिली. डीएनएचा कणा तरी कशाचा असतो? साखर, फॉस्फेट, साखर, फॉस्फेट. अख्खी साखळीच फॉस्फेटची. पेशी फुटून डीएनए नळीत मोकळा झाला की त्याच क्षणी तांबड्या कणांनी तो धरायचा, आणि सेंट्रीफ्यूजमध्ये त्या कणांबरोबर तो तळाला. आम्ही वरचं निवळ पाणी जपून घेत होतो आणि खरा माल बुडाच्या लाल गाळासकट कचऱ्यात टाकत होतो. ११ वेळा! किटच्या पुस्तिकेत कंपोस्ट, बागेची माती, नदीचा गाळ सगळं आहे; जांभा नाही. ज्यांनी ही किट बसवली त्यांच्या दाराशी चिऱ्याची खाण नसणार, इतकंच.

उपाय भावाच्या तक्रारीतच होता. माती स्फुरदाची भुकेली आहे ना, मग तिला आधीच पोटभर द्या. सुट्टी संपल्यावर १२० मिलिमोलर सोडियम फॉस्फेटचा बफर केला, पीएच ८. मण्यांच्या नळीत माती घातली की त्यावर या बफरचे २०० मायक्रोलिटर, दहा मिनिटं शांत ठेवायचं, मग किटचा पहिला द्राव, पण २०० मायक्रोलिटर कमी करून. पुढे सगळं पुस्तिकेप्रमाणे. ही युक्ती मी शोधलेली नव्हे. १९८७ मध्ये ऑग्रम, सेलर आणि बार्के यांनी गाळातून डीएनए थेट काढायची पद्धत दिली, त्यातही फॉस्फेट बफरच होता. जपानात ज्वालामुखीच्या राखेची माती अशीच हावरट असते, तिच्यासाठी तिथल्या लोकांनी सायीशिवायची दूध पावडर घातली. तत्त्व तेच, मातीचं तोंड दुसऱ्या कशाने तरी बंद करायचं. आम्हीही एकदा पावडर घालून पाहिली, पण नळीत फेसच फेस झाला. मग फॉस्फेटवरच राहिलो.

त्या जेलचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय. पाच वेल, पाचांतही पट्टा. ५० नॅनोग्रॅम लॅम्डा शेजारी लावला होता आणि आमचा १० मायक्रोलिटर नमुना साधारण त्याच्याइतका उजळ दिसत होता, म्हणजे मायक्रोलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास. कोणी मोठ्या लॅबवाला हसेल. पण पीसीआरला एवढा पुष्कळ. २७-एफ आणि १४९२-आर हे नेहमीचे प्रायमर (कुठल्या जीनच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावले आणि १,५०० बेसच्या जागी जिवाणू ओळखायच्या १६-एस जीनची ठसठशीत रेघ आली. मुलींनी टाळ्या वाजवल्या, शिपाईमामा काय झालं म्हणून डोकावून गेले.

खाडीच्या चिखलाचं दुखणं अगदी उलटं. तिवरांच्या मुळांतला काळा चिखल, सडक्या अंड्याचा वास, डीएनए भरपूर. पण बाहेर येतो तो बिनदुधाच्या चहासारखा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आकडा काय छान आला म्हणून सांगू! मायक्रोलिटरला ६० नॅनोग्रॅम. तो आकडा खोटा होता, कारण ह्युमिक अ‍ॅसिडही डीएनएसारखंच २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. २६०/२३० चं गुणोत्तर पाहिलं तर ०.६; ते २ च्या आसपास असेल तर नमुना स्वच्छ. नवीन मुलांना हे बजावून सांगावं लागतं: एकटा २६०चा आकडा पाहून पेढे वाटू नका, आधी जेल चालवा.

या चिखलाचा पीसीआर पहिल्यांदा आलाच नाही. मग तोच नमुना पाण्यात दहापट पातळ केला आणि रेघ आली. डीएनए दहापट कमी असताना काम होतं आणि जास्त असताना होत नाही, याचा अर्थ अडथळा करणारं काहीतरी सोबत आहे. मिक्समध्ये थोडं बीएसए घातलं की पातळ न करताही येतो. ते प्रथिन ह्युमिकला आपल्या अंगावर घेतं. अजून एक, चिखल ओला असतो. पाव ग्रॅम म्हणून मोजता त्यात निम्मं खाडीचं खारं पाणी. आधी नळी फिरवून वरचं पाणी काढा, मग वजन करा. चिखलाला फॉस्फेटची युक्ती मात्र करू नका. उत्साहाच्या भरात आम्ही केली, तर फॉस्फेटने तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियमच पकडलं, पांढुरका गाळ बसला आणि चहा तसाच राहिला. लाल मातीत ह्युमिक मुळात कमी, म्हणून तिथे हे खपून गेलं. चिखलाला किट जशीच्या तशी वापरा, तिथे ती खरंच चांगली चालते.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. एका नळीत माती न घालता बाकी सगळं केलं. नुसते मणी, द्राव, कॉलम. त्याचाही पीसीआर लावला आणि १,५०० च्या जागी फिकट रेघ. फिकट, पण होती. किटच्या द्रावांत, कॉलमांत जिवाणूंच्या डीएनएचे अंश असतात हे २०१४ पासून चांगलंच गाजलेलं आहे, आणि टॅक एन्झाइम स्वतःच जिवाणूत बनवतात तेव्हा दोष सगळा किटचाच असंही नाही. पण लाल मातीसारखा मुळात कमी डीएनए देणारा नमुना असेल तर ही फिकट रेघ महागात पडते. आपण म्हणायचं आंब्याच्या मुळाशी हा जिवाणू सापडला, आणि तो यायचा बाटलीतून. पुस्तिकेत यावर एक ओळ नाही. दर खेपेला एक नळी रिकामी चालवा, ४५० रुपये गेले तरी चालतील.

प्लेटवरच्या शुद्ध जिवाणूंसाठी ही किट वापरू नका, पैसे पाण्यात. आमच्या मुलींना ती वापरायचा फार मोह होत होता. साधे, पातळ भिंतीचे ग्राम-निगेटिव्ह असतील तर एक वसाहत टीई बफरमध्ये मिसळा, दहा मिनिटं उकळा, फिरवा, वरचं पाणी थेट पीसीआरला. खर्च शून्य. बॅसिलससारख्या जाड भिंतीच्यांना आधी भिंत फोडणारं लायसोझाइम, ३७ अंशांना अर्धा तास, मग एसडीएस आणि प्रथिनं तोडणारं प्रोटिनेज के. स्फुरदवाल्यांतले काही भलते चिकट निघाले, लूप उचलला की शेवयाच्या खिरीसारखी तार. त्या चिकटीने पिपेटची टिप बंद होते. तिथे सीटॅब हा डिटर्जंट उपयोगी: ०.७ मोलर मिठात सीटॅब घालून ६५ अंशांना दहा मिनिटं ठेवलं की चिकट साखरा आणि प्रथिनं त्याच्या बाजूला जातात, डीएनए पाण्यात राहतो. मीठ कमी पडलं तर सीटॅब डीएनएलाच घेऊन बसतो, म्हणून आधी मीठ, मग सीटॅब.

आणि प्रथिनं वेगळी काढायचा फिनॉल. एका मुलीचा डीएनए दोनदा गायब झाला. बाटली पाहिली तर तिने ट्रिस बफरमध्ये मुरवलेला पीएच ८चा फिनॉल सोडून शेजारची साधी आम्लधर्मी बाटली घेतलेली. आम्ल फिनॉलमध्ये डीएनए वरच्या पाण्यात राहत नाही, खाली उतरतो, वर राहतो आरएनए. दोन्ही बाटल्या सारख्या तपकिरी. तेव्हापासून आंबट फिनॉलच्या बाटलीवर मी लाल मार्करने कैरी काढून ठेवलीय. कोणी हसलं तरी चालेल, नंतर कोणाचं चुकलं नाही. आणि फिनॉल गुलाबी झाला असेल तर तो टाकायचा, वापरायचा नाही.

किट घेऊ की जुन्या पद्धतीने करू, असं विचाराल तर माझं मन अजून जुन्या पद्धतीकडे ओढतं. झोऊ, ब्रन्स आणि टिएज यांची १९९६ची पद्धत आम्ही वर्षानुवर्षं केली: ५ ग्रॅम माती, सीटॅब आणि भरपूर मीठ असलेला बफर, त्यातही फॉस्फेट आहेच बरं का, मग प्रोटिनेज के, एसडीएस घालून ६५ अंशांना दोन तास, क्लोरोफॉर्म, आयसोप्रोपेनॉल. मणी आपटत नाहीत म्हणून डीएनएचे तुकडे लांब राहतात. लांब तुकडे वाचायच्या सीक्वेन्सिंगला पाठवायचं असेल तर हाच मार्ग. पण अख्खा दिवस जातो, क्लोरोफॉर्मने डोकं चढतं आणि जुलैत पेलेट वाळत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात नळी उघडी ठेवून अल्कोहोल उडायची वाट पाहणं म्हणजे अंगणात पापड वाळत घालण्यासारखं. किटमध्ये कॉलम एकदा रिकामा फिरवला की झालं. सहा नमुने दीड तासात. मुलींना चार वाजताची एसटी मिळते, हेही काही कमी नाही.

एक धोक्याची सूचना, जी पुस्तिकेत बारीक टाइपात आहे. कॉलममधून खाली येणाऱ्या पाण्यात ग्वानिडिन असतं. आमच्याकडे सांडलं की ब्लीचिंग पावडर मारायची सगळ्यांना सवय. ग्वानिडिनवर ब्लीच पडलं तर विषारी वायू निघतो. आमच्या मामांना मी ती बाटली वेगळी दाखवून ठेवलीय आणि तिच्याभोवती सुतळी बांधलीय.

तारे द्यायचेच तर चिखलाला चार. लाल मातीला जशीच्या तशी दीड, फॉस्फेट घालून साडेतीन. वॉश बफरची बाटली सैल बंद होते, त्यातलं अल्कोहोल उडतं आणि मग कॉलम नीट धुतला जात नाही, त्याचा अर्धा कापला तो वेगळाच; आम्ही आता झाकणाला पॅराफिल्म लावतो. १४ नळ्या शिल्लक आहेत. दिवाळीनंतर बागेतली माती पुन्हा आणायचीय.

भावाला फोन करून सगळं सांगितलं, तुझ्यामुळे जमलं म्हणून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते राहू दे ताई, तुझ्या नळीत सुटलं ना स्फुरद? मग माझ्या कलमाला कधी सुटणार ते सांग."